चहाचा प्रायव्हेट नंबर

चहा झाला का असं आजोबांनी विचारलं की आमच्या घरी नुसतं "हो" चालायचं नाही. ते बाहेरच्या खोलीतून ओरडायचे, "नंबर?" आणि आजी ओट्यापाशी उभी राहून, दुधाकडे लक्ष ठेवत, मनात येईल तो आकडा फेकायची. "सत्तेचाळीस!" मग ते उठायचे. एकदा तिने वैतागून "शंभर" सांगितलं तर पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "दोन आकडी पाहिजे. चहा नामंजूर." आजी म्हणाली, "मग नका पिऊ." प्याले अर्थात, पण थंड झाल्यावर.

मला खूप वर्षं वाटायचं की ही त्या दोघांची काहीतरी जुनी गंमत आहे. ती गंमत होतीच, पण तिच्या मुळाशी रेल्वेचा एक नियम आहे हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं, म्हणजे आजोबांनी सांगितलं असणार आधीही पण लहानपणी आपण कुठे ऐकतो. आजोबा केबिनमॅन. सिग्नलच्या केबिनमध्ये लिव्हर ओढायचं काम. पुण्याची मावशी त्यांना "सांधेवाले" म्हणायची, आम्हा इंदूरवाल्यांच्या तोंडात हिंदीतला "काँटेवाला" बसलेला, आणि दोन्ही शब्दांचा त्यांना राग. "काँटेवाला खाली रुळावर असतो, मी वर असतो," असं ते अगदी ठासून सांगायचे, जसं काही वर म्हणजे स्वर्गातच.

तर नंबर. स्टेशन मास्तर आणि केबिन यांच्यात फोनवर जे बोलणं व्हायचं, म्हणजे अमुक लाइन रिकामी आहे, काटा (म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेणारा सांधा) अमुक बाजूला लावून लॉक केलाय, गाडी पूर्ण आत आली, मागचा दिवा दिसला, त्या प्रत्येक खात्रीला एक दोन आकडी नंबर जोडून द्यायचा. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. छापील कागद असतो, त्यावर उलटसुलट क्रमाने आकडे, आपल्या कागदावर पुढचा जो असेल तो सांगायचा, स्वतःच्या कागदावर खोडायचा आणि समोरच्याने तो रजिस्टरात लिहायचा. समोरच्याला तो आधी माहीत नसतो, त्यामुळे बोलणं झालं नसताना झालं असं कोणाला लिहिता येत नाही. आजोबा म्हणायचे, रात्री तीन वाजता फोनवर "हां हां" कोणीही म्हणतं, झोपेत पण म्हणतं. पण कागद शोधून, दिव्याजवळ धरून, आकडा वाचून सांगायचा तर माणसाला जागं व्हावंच लागतं. मला हे फार पटलेलं आहे. आमच्या ऑफिसात "ओके नोटेड" म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी मनातल्या मनात नंबर विचारते.

त्यांची केबिन महूच्या आसपासच्या एका छोट्या स्टेशनावर होती. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे एक भानगड सांगायची आहे. आम्ही राहायला लोकमान्य नगरात आणि ते ड्यूटीला मीटरगेजच्या पॅसेंजरने जायचे. ती लाइन म्हणजे मूळची होळकरांची. दुसऱ्या तुकोजीरावांनी १८७० मध्ये इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं, साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांसाठी, वर जमीन फुकट, कशासाठी तर खंडव्याहून आपल्या इंदूरला गाडी यावी म्हणून. राजाने सरकारला कर्ज दिलंय, उलटं नाही, हे इंदूरचा माणूस पाहुण्यांना पोहे वाढता वाढता सांगतोच. खंडवा ते सनावद १८७४ मध्ये सुरू झालं, नर्मदेवरचा मोरटक्क्याचा पूल १८७६ मध्ये, मग घाट चढून महू आणि इंदूर. पुढे ती राजपुताना-माळवा रेल्वे झाली, बीबीसीआय म्हणजे बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया कंपनीच्या हातात गेली, स्वातंत्र्यानंतर वेस्टर्न रेल्वे. सिग्नल, केबिन ही सगळी भानगड पहिल्या दिवसापासून नव्हती. आधी एकेरी लाइनवर गाडी सोडायची तर पुढच्या स्टेशनाला तारेने विचारायचं आणि "लाइन क्लिअर" असं लिहिलेला कागद ड्रायव्हरच्या हातात द्यायचा, इतकंच. तो शब्द आपल्या भाषेत अजून आहे बघा, घरच्यांनी लग्नाला होकार दिला तरी आपण लाइन क्लिअर मिळाली म्हणतो.

केबिनमध्ये बाहेरच्यांना मनाई होती. तशी पाटीच होती दारावर. सुट्टीत मी डबा घेऊन आजीबरोबर जायचे (पोळ्या, बटाट्याची भाजी आणि वेगळ्या पुडीत शेव, शेव नसेल तर ते जेवायचेच नाहीत) आणि बाहेरच्या लाकडी जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर बसायचे. नियमाप्रमाणे मी बाहेर, डोळे मात्र आत. आतली जमीन अशी चकचकीत की आजीने एकदा म्हटलं होतं, घरी कधी हातात झाडू धरला नाही ह्या माणसाने. चौदा लिव्हर एका रांगेत उभे. लाल म्हणजे थांबायच्या सिग्नलचे, हिरवे वॉर्नरचे, म्हणजे पुढच्या सिग्नलची आगाऊ सूचना देणाऱ्याचे, काळे काट्यांचे, निळे त्या काट्यांना कुलूप घालणारे, पांढरे म्हणजे वापरात नसलेले. लाल-काळ्या रंगाच्या त्या गर्दीत दोन पांढरे लिव्हर मला फार बिचारे वाटायचे. मुठीकडचा भाग नुसत्या पोलादाचा, आरशासारखा घासलेला, आणि तिथे उघडा हात लावायचा नाही. घामाने गंज चढतो. आजोबांच्या खांद्यावर कायम एक फडकं असायचं, ते मुठीवर टाकून, एक पाय फ्रेमच्या खालच्या पट्टीवर रोवून, सगळं अंग मागे झोकून ओढायचे. खट् असा खालून आवाज, मग तारेची सरसर लांब जाणारी, आणि तिकडे पार लांब होम सिग्नलचा, म्हणजे स्टेशनात शिरायच्या सिग्नलचा, हात (खांबावरची आडवी पट्टी) खाली पडायचा.

पडायचा. ह्या शब्दावर मी खूप विचार केलाय, रिकामटेकडेपणा म्हणा. रस्त्यावरचा सिग्नल "लागतो", म्हणजे थांबायचं. रेल्वेचा सिग्नल "पडतो", म्हणजे गाडी येणार, सामान उचला. कारण आपल्याकडचे ते जुने सिग्नल आडवे असले की थांबा आणि खाली झुकले की चला. आता खांबावर हात नाहीत, नुसते दिवे आहेत, तरी माझी आई फलाटावर उभी राहून अजून विचारते, सिग्नल पडला का गं. (ते अग्निरथगमनागमनदर्शक वगैरे वगैरे लोहपट्टिका म्हणणारे महाभाग शाळेत प्रत्येक वर्गात एक असायचे, आमच्यातला पुढे इन्शुरन्समध्ये गेला.)

सगळ्यात त्रास त्या तारेचा. सिग्नल केबिनपासून शेकडो मीटर लांब, आणि मध्ये फक्त एक तार, जमिनीत रोवलेल्या खुंट्यांवरच्या छोट्या चाकांवरून गेलेली. मे महिन्याच्या दुपारी ती तापून लांबते. मग लिव्हर पूर्ण ओढला तरी अर्धी ओढ ती ढिली तार गोळा करण्यातच जाते आणि तिकडे हात अर्धवटच पडतो, आणि अर्धवट पडलेला सिग्नल म्हणजे ड्रायव्हरच्या दृष्टीने थांबाच. म्हणून तार ताणायचं एक यंत्र केबिनमध्ये असायचं, दुपारी ताणायची. आता माळव्याची रात्र तर प्रसिद्ध, बनारसची सकाळ, लखनौची संध्याकाळ आणि शब-ए-माळवा म्हणतात, दिवसभर भाजून निघालं तरी रात्री अंगावर पांघरूण लागतं. शायर लोकांनी त्या गारव्यावर काय काय लिहिलं असेल, आजोबांना त्याचा अर्थ एकच, तार आखडणार. दुपारची ताण तशीच राहिली तर पहाटे आखडलेली तार सिग्नलचा हात स्वतःच थोडा खाली ओढणार. म्हणून रात्री उठून ढिली करायची. शब-ए-माळवा असं कोणी म्हटलं की मला तरी अंगावर घोंगडं घेऊन तार सैल करणारे आजोबाच आठवतात.

आणि तार तुटली तर? हे मी विचारलं होतं, आठ-नऊ वर्षांची असताना. खांबावर एक वजन लावलेलं असतं, तार तुटली की ते वजन खाली जातं आणि हात आडवा होतो. म्हणजे बिघडला की थांबा म्हणतो. आजोबा म्हणाले, "माणसाचं उलट आहे."

काचेचं पण सांगते, नाहीतर राहून जाईल. रात्रीसाठी सिग्नलच्या हाताला दोन काचा असायच्या, मागे रॉकेलचा दिवा, रोज संध्याकाळी बत्तीवाला शिडीने वर चढून लावायचा. एक काच लाल. दुसरी हिरवी असेल असं आपल्याला वाटतं ना? ती निळी असते. चांगली निळसर, शाईची बाटली विसळलेल्या पाण्यासारखी. रॉकेलची ज्योत पिवळी, तिच्यापुढे निळी काच आली की लांबून हिरवं दिसतं. मला एक फुटकी काच आजोबांनी आणून दिली होती, मी ती घरच्या ट्यूबलाइटसमोर धरली तर निळीच दिसली आणि मी रडले की तुम्ही मला फसवलंत. मग त्यांनी देवघरातल्या निरांजनासमोर धरून दाखवली. ती काच आता माझ्या मुलाच्या कंपासपेटीत आहे, खिडकीला चिकटवून झाली, हरवून सापडून झाली.

पण केबिनची खरी करामत खालच्या मजल्यावर. तिथे लॉकिंग रूम, कायम कुलूप आणि सील, आजोबांना सुद्धा परवानगी नाही. प्रत्येक लिव्हरला खाली एक पोलादी पट्टी, पट्टीला खाचा, आणि त्या खाचांत आडवे सरकणारे तुकडे. एक पट्टी हलली की तिचा तुकडा दुसरीच्या खाचेत जाऊन बसतो आणि दुसरी अडते. ऑफिसातल्या लोखंडी कपाटात एक ड्रॉवर उघडा असला की दुसरा उघडत नाही तसंच, फक्त चौदांचं एकमेकांत. आधी काळा ओढा म्हणजे काटा लागेल. मग निळा, काट्याला कुलूप. तो पूर्ण आला तरच लाल सुटतो, तो सुद्धा मास्तरने खालून आपली परवानगीची स्लाइड सोडली असेल तर. चुकीच्या क्रमाने ओढायला गेलात तर लिव्हर हलतच नाही, हत्ती लावा. जॉन सॅक्सबी नावाच्या इंग्रजाने अशा यंत्राचं पेटंट १८५६ मध्ये घेतलं, पण ते सगळीकडे लावायला कंपन्यांना पैसे जड वाटत होते. मग १८८९ च्या जूनमध्ये आयर्लंडमध्ये आर्मागजवळ चढावर सहलीच्या गाडीचे मागचे डबे सुटून उतारावरून मागे गेले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले, ८० माणसं गेली, त्यात बरीच पोरं. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून ब्लॉक (एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी), इंटरलॉकिंग (लिव्हरांनी एकमेकांना अडवायची हीच व्यवस्था) आणि अख्ख्या गाडीला लागणारे ब्रेक सक्तीचे केले.

१८८९ म्हटलं की आमच्याकडच्या माणसाला दुसरंच आठवणार. त्याच वर्षी डिसेंबरात जबलपूरला इंग्रजांशी लढणाऱ्या तंट्या भिल्लाला, म्हणजे लोकांच्या तंट्या मामाला, फाशी दिलं, आणि देह पाताळपाणीच्या रुळांपाशी आणून टाकला असं सांगतात. तिथे त्याचं छोटं मंदिर आहे आणि मीटरगेजच्या गाड्या त्याच्यासमोर थांबायच्याच. रेल्वेचं म्हणणं, पुढे घाट आहे, ४० फुटांत एक फूट उतार, ब्रेक तपासायला थांबावंच लागतं. लोकांचं म्हणणं, मामाला सलामी दिली नाही तर गाडी घाटातून नीट उतरत नाही. मी आजोबांना विचारलं खरं काय, तर म्हणाले ब्रेक तपासून होईपर्यंत ड्रायव्हर हात जोडून घेतो, दोन्ही कामं एका स्टॉपेजमध्ये होतात.

आता ती भानगड. साल ८४ की ८५, ह्यावर घरात एकमत नाही. थंडीतली पहाट, खंडव्याकडून येणारी पॅसेंजर. आजोबांनी काळा ओढला, आला. निळा ओढला, तीन चतुर्थांश आला आणि अडला. परत मागे नेला, परत ओढला, तिथेच. मास्तर फोनवर, गाडी आउटरला, स्टेशनाबाहेरच्या सिग्नलपाशी, उभी आहे, शिट्ट्या मारतेय, तुम्ही करताय काय. आजोबा म्हणाले निळा येत नाही. मास्तर म्हणाले, "ज़ोर लगाओ ना दादा, ठंड में जाम हुआ होगा।" आणि खरंच थंडीत जाम होतात लिव्हर, तेल गोठतं, दोघांनी मिळून ओढले की येतात, असं सगळे करतात. आजोबांनी ओढलं नाही. काँटेवाल्याला कंदील देऊन खाली पाठवलं. तो पोरगा चालत गेला, बघून आला, काट्याच्या पात्यात आणि रुळात गिट्टीचा एक खडा अडकलेला. सुपारीएवढा. पातं रुळाला टेकलंच नव्हतं. त्याने तो काढला, फेकला, निळा लोण्यासारखा आला, गाडी आत घेतली. बावीस मिनिटं गेली.

बावीस मिनिटांसाठी त्यांना कागद आला. गाडी विनाकारण अडवली, खुलासा द्या. आजोबांनी दोन ओळी लिहिल्या, लॉक येत नव्हता, खडा काढल्यावर आला. त्यावर वरून विचारणा झाली की खडा होता ह्याला पुरावा काय. आणि खडा तर त्या पोराने अंधारात भिरकावून दिलेला, लाखो खड्यांत. शेवटी वर्षभराची वेतनवाढ थांबली. आजीला हे कधीच पचलं नाही. तिचा राग साहेबावर नव्हता, मास्तरवर नव्हता, तिचा राग त्या काँटेवाल्या पोरावर. "खिशात टाकायला काय झालं होतं मेल्याला!" पुढे तो पोरगा मोठा होऊन, मिशा पिकून, आमच्याकडे दिवाळीला यायचा तेव्हाही ती चिवडा देता देता त्याला एकदा ऐकवायचीच. तो हसायचा. आजोबा त्या विषयावर एकच वाक्य बोलायचे, की लिव्हर नाही म्हणाला आणि मी ऐकलं, एवढंच केलं. मला लहानपणी ते वाक्य अगदी फुसकं वाटायचं. मी त्यांच्या जागी असते तर भांडले असते, वर अर्ज केला असता. आता असं वाटतं की गाडी शिट्ट्या मारत असताना, मास्तर ओरडत असताना, दोघांनी मिळून ओढला तर "येतो" हे माहीत असताना न ओढणं, हे बरंच मोठं काम होतं.

ते ९१ मध्ये रिटायर झाले. मीटरगेज त्यांच्यापेक्षा जास्त टिकली. ती अजमेरकडून येऊन खंडवा, अकोला, पूर्णा करत हैदराबादेकडे जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस, अकोल्याच्या आत्याकडे आम्ही तिनेच जायचो. २०१५-१६ च्या सुमारास इंदूर-महू ब्रॉडगेज झालं आणि २०२३ च्या सुरुवातीला महूच्या पुढची मीटरगेजही रुंदीकरणासाठी बंद केली. आता पाताळपाणी ते कालाकुंड एवढ्या तुकड्यावर २०१८ मध्ये सुरू केलेली हेरिटेज ट्रेन आहे, पावसाळ्यात अख्खं इंदूर तिथे सेल्फी काढायला आणि कालाकुंडचा कलाकंद खायला. कलाकंद अजून चांगला मिळतो.

२०१५ च्या जूनमध्ये इटारसीची केबिन जळाली. सगळं रिलेवर चालणारं, देशातल्या मोठ्या जंक्शनांपैकी एक, १७ जूनला आग लागली आणि नवीन बसवेपर्यंत महिनाभराहून जास्त गेला, शेकडो गाड्या रद्द. माझं भोपाळहून नागपूरचं तिकीट होतं, तेही गेलं. तोपर्यंत काटे हाताने लावायचे, क्लँप मारायचा, कुलूप घालायचं, झेंडी दाखवायची. आजोबा तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे. रोज पेपर उघडून पहिल्यांदा ते वाचायचे आणि मला स्पष्ट दिसत होतं की त्यांना आनंद होतोय. आजी म्हणाली, "लोकांचे हाल होतायत आणि तुम्ही हसता काय?" म्हणाले, "हसत नाही, वाचतोय." दोन वर्षांनी ते गेले.

नवीन पद्धत वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. जुन्या केबिनींच्या काळातही गाड्या आदळत होत्याच, आणि पॅनेलवर बटण दाबून जे होतं ते चौदा लिव्हर ओढून होणारं नाही, एवढ्या गाड्याच आता आहेत. पण २ जून २०२३ ला बालासोरजवळ बहानगा बाजारला सिग्नल मेन लाइनचा हिरवा होता आणि काटा लूपला, म्हणजे बाजूच्या लाइनला, लागलेला होता, कोरोमंडल एक्सप्रेस त्या लूपमध्ये उभ्या मालगाडीवर गेली, जवळपास तीनशे माणसं. सिग्नलच्या सर्किटमध्ये आधी केलेल्या बदलात चुका झाल्या होत्या असं चौकशीत आलं. त्या रात्री टीव्ही बघताना मला तो सुपारीएवढा खडा आठवत होता. आजीने मध्येच विचारलं, लॉक कसा काय आला मग? मला उत्तर देता आलं नाही.

गेल्या दिवाळीत मी त्या स्टेशनावर जाऊन आले. केबिन पाडलीय. खाली लॉकिंग रूमचा चौथरा आहे, त्यावर शेळ्या बसतात. नवीन फलाट, नवीन दिवे, मेमू दोन मिनिटं थांबते. चिंचेचं झाड आहे, आधी लहान वाटायचं नाही पण आता वाटतं. रुळांच्या कडेने मी होम सिग्नलच्या जागेकडे चालत गेले आणि गवतात एक खुंटी दिसली, वर चाक, गंजलेलं, पण बोटाने फिरवलं तर फिरलं. थोड्या अंतरावर दुसरी, मग तिसरी, आणि तिथून पुढे चक्क तार सुद्धा होती, पन्नासेक फूट, लाइनीला लागून असलेल्या एका घराच्या खांबाला बांधलेली. त्यावर कपडे वाळत होते. दोन साड्या, एक शाळेची निळी पँट, टॉवेल. मी खांद्यावरची ओढणी तारेवर टाकली, मूठ धरली, पाय एका दगडावर रोवला आणि थोडं मागे ओढून बघितलं.

"ओ मैडम," आतून बाई ओरडली, "कपड़े गिराओगी क्या?"